छिलका निघतोय की भुसा?

धनुष्य तुटलं की दोष लाकडावर जातो. लाकूड ओलं होतं, किडकं होतं, रेषा तिरकी गेली होती. कधीकधी ते खरंही असतं. पण तुटलेली भुजा एकदा खिडकीशी न्या आणि उजेडात तिरकी धरून पाहा. पाठ फाटलेली असते, आणि त्या जागेच्या बरोबर खाली पोटावर आडव्या लाटा दिसतात, नुसत्या बोटाला कळणारही नाहीत इतक्या उथळ. तडा नेमका एखाद्या लाटेच्या तळावर गेलेला असतो. झाड अशा लाटा घेऊन वाढत नाही. त्या हातातल्या पत्तीने, म्हणजे स्क्रेपरने पडतात.

ज्यांनी धनुष्य कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. धनुष्य धरल्यावर आपल्याकडे येते ती बाजू पोट, निशाणाकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीला शक्यतो हात लावायचा नसतो. तिथलं वाढीचं एकच वलय मुठीपासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. म्हणजे धनुष्य घडतं ते सगळं पोटाकडून लाकूड कमी करत करत. आणि किती कमी करायचं, हे गणित फार कडक आहे. भुजेचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाने बदलतो. १२ मिमी जाडीची भुजा १ मिमीने उतरवली तर ताठपणा २३ टक्क्यांनी घटतो. ०.१ मिमी, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाइतकं लाकूड गेलं, तरी अडीच टक्के गेले. ४० पौंडांच्या धनुष्यात तो एक पौंड झाला. रुंदीचं असं नाही. रुंदी १० टक्के घटवली तर ताठपणाही १० टक्केच घटतो. म्हणून रुंदी रंध्याने आणि कानशीने बिनधास्त उतरवावी, आणि शेवटची जाडी मात्र स्क्रेपरच्या हवाली करावी.

माझी उमेदीची वर्षं भोसरीच्या एका टूलरूममध्ये गेली. शतांश मिलिमीटरचं भय तिथे अंगात मुरलं. निवृत्तीनंतर गच्चीवर धनुष्यं करायला लागलो तेव्हा वाटलं होतं, लाकूडच तर आहे, पोलादापुढे त्याचं काय. लाकूड पोलादापेक्षा हट्टी निघालं. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे जी पोरं शिकायला येतात, त्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: स्क्रेपर चुकीचा घेतलेला असतो, आणि त्याला धार म्हणून जे काही लावलेलं असतं ती धार नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी एक आक्षेप येतो तो निकाली काढू. स्क्रेपर हवाच कशाला, रंधा आहे, पॉलिश पेपर आहे? रंध्याचं पातं लाकडाच्या तंतूंखाली शिरतं. रेषा सरळ असेल तोवर ठीक, पण गाठीपाशी रेषा वळली की पातं तंतू उचकटून काढतं आणि पोटावर खळगा पडतो. स्क्रेपर जवळजवळ उभा चालतो, त्यामुळे गाठीवरूनही खळगा न पाडता जातो. पॉलिश पेपरचं दुखणं वेगळं. ॲशसारख्या लाकडात प्रत्येक वलयाचा एक भाग सच्छिद्र, मऊ आणि एक भाग टणक असतो. कागद मऊ भाग भराभर खातो आणि टणक भाग मागे ठेवतो. हाताला गुळगुळीत लागतं, जाडी मात्र ठिकठिकाणी बदललेली असते. कागद शेवटच्या दिवशी, वॉर्निशच्या आधी. त्याआधी नाही.

दुसरा आक्षेप माझ्या आवडीचा आहे. नंदुरबार-धुळ्याकडचे भिल्ल कारागीर बांबूचा कामठा, म्हणजे धनुष्य, कोयत्याने आणि सुरीने करतात, त्यांना कुठे लागतो तुमचा स्क्रेपर? खरं आहे, नाही लागत. सुरीचं पातं उभं धरून मागे ओढलं की तोच स्क्रेपर होतो, आणि किती ओढायचं हा अंदाज त्यांच्या हातात पिढ्यांचा आहे. आपल्या हातात तो नाही, म्हणून आपल्याला हत्यार जास्त नेमकं लागतं. तसं पाहिलं तर हे हत्यार आपल्या मातीत फार जुनं आहे. ज्ञानेश्वरीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या नेवाशात ह. धी. सांकळियांनी १९५०च्या दशकात जे उत्खनन केलं, त्यात प्रवरेकाठी मध्य पुराश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली, आणि त्यांत खरवडण्याच्या हत्यारांचा भरणा मोठा आहे.

आता निवड. पुण्यात बोहरी आळीत जाऊन नुसतं ‘स्क्रेपर द्या’ म्हणालात तर तीन वेगळ्या वस्तू पुढे येऊ शकतात. पहिली पुट्टीवाल्याची पत्ती, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीची. दुसरा फिटरचा स्क्रेपर. जुन्या कानशीचे दात घासून केलेला, चपटा नाहीतर तीनधारी. लेथच्या बेडवर निळा रंग लावून उंचवटे खरवडायला आम्ही तो वापरायचो. तिसरी वस्तू म्हणजे सुताराची पत्ती, साधारण १५० मिमी लांब आणि ६० मिमी रुंद पोलादी पत्रा, मूठ नाही, धार दिसत नाही. आपल्याला हवी ती ही तिसरी, आणि नेमकी तीच बऱ्याच दुकानांत नसते.

“काका, तुम्हाला नक्की करायचंय काय?” एका दुकानदाराने मला विचारलं होतं.

“धनुष्य.”

त्याने गल्ल्यावरच्या मुलाकडे पाहिलं. “मग ऑनलाइनच बघा तुम्ही.”

पुट्टीची पत्ती वापरून पाहिलेली आहे, म्हणून सांगतो. तिचं पोलाद इतकं मऊ असतं की कडेला मुरड, म्हणजे वळलेली कापणारी कड, येते आणि दुसऱ्याच ओढीला बसते. फिटरच्या स्क्रेपरचं उलट: तो इतका कडक असतो की कड मुरडतच नाही, धातूवर राजासारखा चालतो आणि लाकडावर ओरखडे काढतो. स्क्रेपरला मधलं पोलाद लागतं. कानस त्याच्यावर चावली पाहिजे, आणि घोटल्यावर कड वळून तशीच टिकली पाहिजे.

ऑनलाइन मिळणाऱ्या संचात सहसा तीन आकार येतात: एक आयत, एक बदामी गोलाईचा आणि एक हंसाच्या मानेचा. पोलाद बरं असतं. घोटाळा जाडीत असतो. हे संच फर्निचरवाल्यांसाठी केलेले असतात आणि त्यांतल्या पत्त्या कधीकधी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतात. फर्निचरवाला रुंद फळीवर काम करतो. तो दोन्ही अंगठ्यांनी पत्ती मागून वाकवतो, त्या बाकामुळे पातळ पत्रासुद्धा ताठ होतो आणि मधलाच भाग लाकडाला लागतो. आपली भुजा असते ३५–४० मिमी रुंद. तिच्यावर वाकवलेली पत्ती चालवली तर मधोमध पन्हाळी पडते, म्हणजे जिथे भुजा सर्वांत जाड असायला हवी तिथेच ती पातळ होते. म्हणून धनुष्यावर पत्ती सरळ धरावी लागते, आणि सरळ धरलेला पातळ पत्रा थरथरतो. ती थरथर लाकडावर लाटा होऊन उमटते. एकदा लाट पडली की पुढच्या ओढीला पत्ती तिच्याच चढउतारावर नाचते आणि लाट आणखी खोल करते. १० मिमीच्या भुजेवर ०.२ मिमीची लाट ही क्षुल्लक वाटते, पण तिच्या तळाशी भुजा ६ टक्के दुबळी झालेली असते, आणि सगळा वाक तिथेच गोळा व्हायला लागतो.

माझं धामणीचं एक चांगलं धनुष्य असंच गेलं. लाकूड उत्तम होतं. धामण लवचिकपणासाठी नावाजलेली, हत्यारांच्या दांड्यांना आणि काठ्यांना पूर्वापार वापरात असलेली. पत्ती पातळ होती आणि बोथट होती. बोथट पत्ती भुसा काढते, भुसा निघतो म्हणून आपण जोर वाढवतो, जोर वाढला की पत्ती आणखी थरथरते. वरच्या भुजेच्या मध्यावर लाटा पडल्या होत्या आणि त्या वरून पॉलिश पेपरने पुसल्या गेल्या होत्या, म्हणजे दिसेनाशा झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. दोरी पुरती ओढायच्या थोडं आधीच आवाज झाला. फटाक्याचा नव्हे, कोरडा ‘कट्’ असा. वरचा तुकडा शेजारच्या गच्चीवर सापडला. तेव्हापासून टिलरिंग करताना, म्हणजे भुजांचा वाक बसवताना, दोरी मी हाताने ओढत नाही. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर ठेवतो, दोरीला दोर बांधून तो खालच्या कप्पीतून घेतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून ओढतो, डोळ्यांवर चष्मा लावून. तुम्हीही तसंच करा.

तर जाडी: ०.८ मिमीपासून १ मिमीपर्यंत. त्याहून किंचित जाड चालेल, पातळ चालणार नाही. विकतची हवीच असेल तर जाहिरातीतल्या नावाकडे न पाहता जाडीचा आकडा विचारा. आकडा दिलेलाच नसेल तर घेऊ नका. पण माझ्या मते सर्वांत चांगला स्क्रेपर विकत मिळत नाही. तो जुन्या करवतीत असतो. हातकरवतीचं पातं याच जाडीचं असतं आणि त्याला पाणी असंच दिलेलं असतं की कानशीने दात घासता यावेत आणि पातं वाकूनही सरळ व्हावं. हाच तर स्क्रेपरचा गुण. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. मूठ मोडलेली, दात झिजलेली करवत भंगाराच्या भावात मिळते. गंज वरवरचा असू दे, खोल खड्डे पडलेले नकोत. एक काळजी घ्या. अलीकडच्या करवतींचे दात वेगळे तापवून कडक केलेले असतात, त्यांची टोकं काळसर-निळी दिसतात. त्या दातांवर कानस घसरते. दातांची पट्टी सगळी काढून टाका आणि मधलं पातं घ्या.

पातं ग्राइंडरने कापताना घाई नको. कापलेली कड तापून निळी-करडी पडली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं समजा. थोडं कापा, ओल्या फडक्याने थंड करा, पुन्हा कापा. तरीही रंग आलाच तर कानशीने कड २–३ मिमी आत घ्या. हॅकसॉचं पातं घेऊ का, असं हटकून कुणीतरी विचारतं. नको. ते फार कडक, फार अरुंद.

आकार म्हणाल तर एक आयत पुरे. त्याचे चारही कोपरे कानशीने जरासे गोल करा, कारण अणकुचीदार कोपरा पोटावर रेघ ओढतो आणि हात घसरला तर पाठीच्या कडेला. पाठीची कड म्हणजे धनुष्याचा सर्वांत नाजूक भाग. तिथली बारीक चीरही पुढे वाढत जाते. मुठीपासून भुजा जिथे सुरू होते त्या उताराला हंसाची मान कामी येते. इंग्रजी लाँगबोसारखं गोल पोटाचं धनुष्य करत असाल तर एका पत्तीला आत वळलेली, अंतर्गोल कड घासून घ्या. बाकी आकारांचा मोह टाळा.

आता धार. इथे सावकाश वाचा, कारण पोरं घाई करतात ती इथेच.

स्क्रेपरची धार सुरीसारखी निमुळती नसते. ती एक काटकोनी कड असते, आणि त्या कडेवरचं पोलाद दाबून किंचित बाहेर वळवलेलं असतं, करंजीच्या मुरडीसारखं, फक्त डोळ्यांना न दिसणारं. कापते ती मुरड. ती चांगली यायची तर आधी कड दोन्ही अंगांनी आरशासारखी हवी आणि कोन पक्का ९० अंशांचा हवा. खडबडीत कडेला घोटलं तर मुरडही खडबडीत येते आणि लाकडावर समांतर रेघोट्या उमटतात.

पहिली पायरी कानस. पत्ती दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये घट्ट बसवा, कड जेमतेम बोटभर वर. बारीक दातांची चपटी कानस घ्या. ती कडेवर आडवी ठेवून लांबीच्या दिशेने ओढा, म्हणजे कड गोल होत नाही. हात डगमगत असेल तर एका ठोकळ्यात काटकोनात खाच पाडून कानस तिच्यात बसवा आणि ठोकळा पत्तीच्या अंगाला टेकवून चालवा. मी आजही असंच करतो. गुण्या लावून पाहा. जुनी चमकणारी रेघ सगळी जाऊन कड एकसारखी करडी दिसली की कानशीचं काम झालं.

दुसरी सहाण. ऑइल स्टोन असो की हिऱ्याची प्लेट, आधी मध्यम आणि मग बारीक. कानशीच्या खुणा जाईपर्यंत कड घासा. पत्ती एका ठोकळ्याला टेकवून उभी धरा म्हणजे कोन ढळत नाही, आणि दगडाच्या एकाच जागी घासू नका, नाहीतर दगडाला खोबण पडते. मी दगडाची अरुंद बाजू वापरतो, पडली खोबण तर तिथे पडू दे. मग पत्ती आडवी पालथी घालून तिची दोन्ही अंगं कडेलगत घासा. कानशीने जी वेडीवाकडी बर आलेली असते ती इथे गेली पाहिजे. बहुतेक लोक कड घासतात आणि अंगं विसरतात. दोन पृष्ठभाग मिळून कोपरा होतो. एकच चकचकीत करून भागत नाही.

तिसरी घोटणं, आणि घोटायला काय वापरायचं हा प्रश्न. दांडा पत्तीपेक्षा कडक आणि आरशासारखा गुळगुळीत हवा, एवढ्या दोनच अटी. ड्रिलचा दांडा वापरू नका; बऱ्याच ड्रिलचा पुढचा भाग कडक आणि मागचा मऊ असतो, तुमचीच पत्ती त्याच्यावर चरे पाडते. चांगल्या स्क्रूड्रायव्हरची गोल दांडी चालते. गॅरेजमध्ये पडलेल्या जुन्या इंजिन व्हॉल्व्हची दांडी चालते. पण औद्योगिक गावात राहत असाल तर सरळ लेथचा एचएसएसचा (हाय-स्पीड स्टीलचा) गोल टूल बिट घ्या, ८ मिमीचा. तो कुठल्याही पत्तीपेक्षा कडक असतो. फक्त त्याच्यावर ग्राइंडिंगच्या बारीक खुणा असतात. त्या ६०० आणि मग १२०० नंबरच्या पाणकागदाने घालवा आणि त्याला लाकडी मूठ बसवा.

पत्ती टेबलावर आडवी ठेवा. कडेलगत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब. दांडा जवळजवळ आडवा ठेवून कडेवरून चार-सहा वेळा दाबून फिरवा. याने कडेचं पोलाद बाहेरच्या बाजूला ताणलं जातं. दोन्ही अंगांनी करा. मग पत्ती व्हाइसमध्ये उभी. पुन्हा तेल. पहिली ओढ दांडा कडेला बरोबर काटकोनात धरून. पुढच्या एक-दोन ओढींत दांडा ५ ते १० अंश कलवा. संपलं. तीन ओढींत काम होत नसेल तर चौदा ओढींतही होणार नाही. कड नीट तयार झालेली नाही, सहाणेवर परत जा.

जास्त कलवण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण मुरड मोठी आली की बोटाला छान लागते. पण फार वळलेली मुरड लाकडाला लागायला पत्ती फार झुकवावी लागते, इतकी की बोटांची पेरं भुजेवर घासतात. धनुष्यासाठी मुरड छोटीच चांगली. तपासायची कशी? अंगठा पत्तीच्या अंगावरून कडेकडे आणि कडेपलीकडे न्या. अडखळ जाणवली पाहिजे. कडेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नका. स्क्रेपर बोथट दिसतो म्हणून लोक फसतात आणि बोट कापून घेतात.

खरी परीक्षा लाकडावर. पत्ती उभी धरा, हळूहळू पुढे झुकवत न्या. एका कोनात ती लाकूड पकडते. तिथून ढकला किंवा ओढा. तलम, सलग, पारदर्शक छिलका निघाला पाहिजे. भुसा निघाला तर थांबा. जोर लावू नका, थांबा आणि घोटा. मुरड बसली असेल तर पत्ती पुन्हा आडवी ठेवून ती सपाट करायची आणि परत वळवायची. कानस-सहाण दर वेळी लागत नाही. चार-पाच वेळा असं घोटून झालं की पोलाद थकतं, मग मुळापासून सुरुवात.

अंगठे भाजतात हे कुणी सांगत नाही. दहा मिनिटं जोरात काम केलं की पत्ती इतकी तापते की फोड येतो. फ्रिजवर चिकटवायचं चपटं रबरी मॅग्नेट पत्तीच्या मागे लावा, अंगठा त्याच्यावर. आणि दोन-तीन पत्त्यांना एकदम धार लावून ठेवा, आळीपाळीने वापरा. त्यामुळे आणखी एक होतं: पत्ती बोथट झाली की ‘एवढं संपवू मग धार लावू’ हा विचार येत नाही.

कामाला बसलात की पोटावर पेन्सिलने आडव्या-तिरक्या रेघा मारा. खरवडताना ज्या रेघा मागे राहतात तिथे खळगा आहे, हे लगेच कळतं. पत्ती भुजेला काटकोनात न धरता तिरकी, साधारण ३० अंशांत धरा, आणि दर काही ओढींनंतर तिरकेपणाची दिशा बदला. लाटा पडायला लागल्याचा आवाज येतो, खुर्रर्र असा. ऐकू आला की उलट्या दिशेने या. लाटा पडल्याच असतील तर पत्तीने त्या जाणार नाहीत. लांब अर्धगोल कानस किंवा दोन मुठींचा, पत्ती ओतीव चौकटीत बसवलेला स्क्रेपर, स्टॅन्ली ८० नंबरच्या घाटाचा, त्या उंचवट्यांवरून सपाट जातो आणि लाटा कापतो. मग पुन्हा पत्ती.

भुजेच्या ताठ भागावर मोजून ओढी घ्या. थांबा. धनुष्य खुंटीवर चढवा आणि दोरी वीस-तीस वेळा मध्यमशी ओढा, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही. तंतूंना तो अंगवळणी पडायला वेळ लागतो. मग मागे जाऊन वाक पाहा. ताणकाट्यावर वजन पाहा, आणि जे वजन शेवटी हवं आहे त्याच्यापलीकडे एकदाही ओढू नका. गाठीभोवती लाकूड थोडं उंच राहू द्या, ते कुरूप दिसलं तरी चालेल. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेवर यू लाकडाची शंभराहून जास्त धनुष्यं सापडली. त्यांच्यावर हत्यारांच्या खुणा आजही दिसतात. राजाच्या आरमारातली ती धनुष्यं. त्यांनाही कुणी आरशासारखं घासत बसलं नव्हतं.

पाठीवर स्क्रेपर एकाच कारणासाठी न्यावा. ॲशची फळी साधली आणि वरचं वलय खराब निघालं, तर त्याच्याखालच्या वलयापर्यंत उतरताना. मधला सच्छिद्र थर खरवडताना कुरकुर असा आवाज येतो, टणक थर लागला की तो बंद होतो. आवाज थांबला की हातही थांबला पाहिजे. बांबूची पाठ मात्र आहे तशी राहू द्या. वरचा मेणचट हिरवा पापुद्रा हलक्या हाताने काढलात तर काढा, त्याच्याखालचे दाट तंतू हीच त्याची ताकद.

पावसाळ्यात मी धनुष्याची जाडी अंतिम करत नाही. पुण्याच्या जुलैतलं लाकूड ओल धरून असतं, ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं. त्या महिन्यांत पत्त्यांना तेलाचं बोट फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो, नाहीतर कडेवर गंजाचे ठिपके येतात आणि पुन्हा कानशीपासून सगळं करावं लागतं.

लाकडाबद्दल दोन शब्द. धामण जंगलातून तोडून आणायची नाही, लाकूडवाल्याकडून पावतीसकट घ्यायची. आणि धनुष्य तयार झालं की ते गवताच्या गठ्ठ्यावर लावलेल्या निशाणासाठी. प्राण्यांच्या मागे ते घेऊन जाण्याचे दिवस १९७२च्या वन्यजीव कायद्याने संपवले, बरं झालं.

शिकायला येणाऱ्यांना मी पहिले काही दिवस धनुष्याचं लाकूड देतच नाही. सागवानाचा एखादा टाकाऊ तुकडा देतो, जुन्या करवतीचं पातं, कानस आणि टूल बिट. काही जण कंटाळून जातात. तुम्ही घरीच शिकत असाल तर एवढंच करा: टाकाऊ फळीवर टोकापासून टोकापर्यंत अखंड छिलका निघेपर्यंत धनुष्याच्या लाकडाला पत्ती लावू नका, आणि निघायला लागला की त्याच दिवशी सुरुवात करा, हात गरम असताना.